शाळा बघायला पाहुणे आले

लग्नाच्या गाठी वर स्वर्गात बांधल्या जातात म्हणे. बिडकीनच्या आसपास मात्र त्या सरूबाईच्या ओट्यावर बांधल्या जात. कुणाची मुलगी जरा सावळी, कुणाचा मुलगा चारचौघांत बोबडा बोलणारा, कुणाच्या घरात पिऊन वाटेत आडवा होणारा चुलता. सरूबाई सगळं सांभाळून घ्यायची. तिचं शास्त्र सोपं होतं. पाहुणे बघायला आले की दाखवण्याजोगं ते बैठकीत आणि बाकीचं मळ्यात. चुलत्याला पहाटेच मळ्यात पिटाळायचं, शेजारणीच्या काचेच्या बशा मागून आणायच्या, आणि पोहे स्वतः करायचे, कारण कच्च्या कांद्यापायी मोडलेली एक सोयरीक तिनं डोळ्यांनी पाहिली होती. खोटं ती कधीच बोलत नसे. "म्या फकस्त मांडामांड करते बाई," ती म्हणायची, "बघनाऱ्यानं बघावं. झाकलेलं उघडून बघ म्हनून कुनी सांगितलंय त्याला?"

ही बाई ग्रामपंचायतीची मेंबर होती आणि त्या नात्यानं मळईवस्तीच्या शाळेच्या समितीवरही होती. शाळा जिल्हा परिषदेची, चौथीपर्यंतची. दोन खोल्या, एक लिंबाचं झाड आणि शिकवायला एकट्या जाहेदा मॅडम. शाळेची जागा सरूबाईच्या सासऱ्यानं दिलेली, आणि दारात टांगलेली घंटा म्हणजे त्यांच्याच मोडक्या नांगराचा फाळ. त्या फाळावर टोला पडला की सरूबाई चहाला आधण ठेवी. रविवारी घंटा वाजत नसे आणि त्या दिवशी तिचा चहा हमखास उशिरा होई.

आता त्या घंटेवरच गदा आली होती. शाळांना श्रेण्या देतात, अ, ब, क, ड. आणि मळईवस्तीच्या शाळेला लागोपाठ दोन वेळा क मिळाला होता. पटही घटत चालला होता. आणखी एकदा क आला की शाळा बंद करून मुलं बिडकीनच्या शाळेत धाडणार, असं वस्तीवर जो तो बोलू लागला. बिडकीनची शाळा म्हणजे पैठण रस्ता ओलांडून पलीकडं, आणि त्या रस्त्यावर दिवसभर मुरमाच्या गाड्या. ज्यांच्याकडं मोटरसायकली होत्या त्यांना काही फरक पडणार नव्हता. त्यांची मुलं आधीच बिडकीनच्या इंग्रजी शाळेत पिवळ्या व्हॅननं जात होती. वस्तीवरच्या शाळेत उरली होती ती वीटभट्टीवरची, खडी केंद्रावरची आणि मेंढरांमागं फिरणाऱ्यांची पोरं. ती काही रस्ता ओलांडून जाणार नव्हती. ती घरी बसली असती आणि पुढच्या हंगामात विटा उचलायला लागली असती.

आणि पिवळ्या व्हॅनमध्ये वस्तीवरून सगळ्यात आधी कोण चढलं होतं? सरूबाईचाच नातू, देवांश. हे तिच्यासमोर बोलायची कुणाची छाती नव्हती, म्हणून ते मागं बोललं जाई.

जानेवारीतल्या एका दुपारी जाहेदा मॅडम सरूबाईच्या ओट्यावर टेकल्या. संभाजीनगरहून रोज स्कूटीवर येणारी ही बाई एरवी हसतमुख. आज तोंड एवढंसं झालं होतं.

"सरूबाई, सोमवारी मूल्यांकनाला साहेब येणार आहेत. बद्रीनाथ साहेब. फार कडक आहेत म्हणतात."

"मंजी बघायला येनार."

"हो, तसंच."

"मंग तुमी कशापायी घाबरता? बघायच्या कार्यक्रमाला म्या बसलेली हाय की हितं."

मॅडमना वाटलं, सरूबाई फार तर शाळा सारवून घेईल, दारात रांगोळी काढेल. निर्धास्त मनानं त्या गेल्या. पण सरूबाईचं डोकं एव्हाना कामाला लागलं होतं. गेल्या खेपेला क का आला? साहेबानं त्या वीटभट्टीवरच्या गिरजाला उभं केलं, आणि पोरगी दाराआड जाऊन लपली म्हणून. मुलगी दाखवायला काढायची आणि नेमका पिणारा चुलता बैठकीत आणून बसवायचा, असला हा प्रकार. ह्या वेळी मांडामांड सरूबाईची होती.

रविवारी संध्याकाळी तिनं घरोघर फिरून पिवळ्या व्हॅनमधली पोरं गोळा केली. सोमवारी एक दिवस इंग्रजी शाळेला दांडी, वस्तीच्या शाळेत बसायचं, साहेबानं विचारलं तर फडाफडा उत्तरं द्यायची. पालकांनाही गंमत वाटली. शाळेला चार चांगली पोरं उसनी द्यायची. बशा उसन्या देतो तशीच की ही. देवांशला तिनं स्वतः तेल लावून भांग पाडला.

आणि मूळची पोरं? त्यांची सोय तर सोन्यासारखी होती. पुंजारामच्या रानात ज्वारी हुरड्याला आली होती. पुंजाराम म्हणजे सरूबाईचा नवरा. माणूस देवभोळा. बायकोच्या शब्दाबाहेर तो आयुष्यात एकाच बाबतीत गेला असेल: घरी आलेला किंवा बांधावरून जाणारा कुणीही माणूस त्याला उपाशी जाऊ देववत नसे. वाट चुकलेल्या वीजबिलवाल्यालाही त्यानं एकदा भाकरी खाऊ घालून धाडलं होतं.

"अवं, उद्या सकाळीच भट्टीवरची पोरं घेऊन रानात जा," सरूबाई म्हणाली. "आगटी पेटवा, पोटभर हुरडा घाला त्यायला. दुपार हुस्तवर कुनाला हालू देऊ नका."

"साळा नाय का उद्या?"

"साळंला पाहुने येनार हायेत."

"अस्सं," पुंजाराम म्हणाला, आणि मान डोलावून गोवऱ्या रचायला गेला. तो काय समजला हे त्याला विचारायला हवं होतं, पण चाळीस वर्षांच्या संसारात सरूबाईला ती सवयच राहिली नव्हती.

सोमवारी सकाळी शाळा नवरीसारखी सजली. उंबऱ्यावर हळदकुंकू, दारात रांगोळी, टेबलावर सरूबाईच्या सुनेची, कावेरीची, भरतकामाची चादर. वर्गात तेल लावलेली, बूट घातलेली, टापटीप पोरं. मागच्या खोलीत पोह्यांना फोडणी, कांदा चांगला गुलाबी परतलेला. साहेबांची गाडी आली आणि तिच्यामागूनच मॅडमची स्कूटी. मॅडम वर्गात शिरल्या आणि जागच्या जागी थिजल्या.

"सरूबाई," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "ही कुणाची मुलं आहेत? माझी मुलं कुठायत? गिरजा कुठंय?"

"हुरड्याला गेलीत."

"आज? या अल्ला! अहो, काय केलंत हे?"

"तुमी गप ऱ्हावा मॅडम. पोरगी दाखवताना आईनं मदी बोलू नाय."

एवढ्यात बद्रीनाथ साहेब आत आले. उंच, पाठीत किंचित वाकलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. रांगोळी ओलांडताना त्यांनी जपून पाय टाकला हे सरूबाईनं टिपलं. पाहुणा घरंदाज आहे, असं तिच्या मनानं लगेच घेतलं.

साहेबांनी देवांशला उभं केलं. पुस्तकातलं एक पान दिलं. देवांशनं ते न अडखळता वाचलं आणि शेवटी मान तिरकी करून "थँक्यू सर" म्हणाला. सरूबाईचा ऊर भरून आला. बाकीच्यांनीही पाढे म्हटले, वजाबाक्या केल्या. साहेबांचा चेहरा खुलला.

"वा! इतकं छान वाचायला कुणी शिकवलं रे तुला?"

"मम्मीनं," देवांश म्हणाला.

"आणि तुला, बाळ?"

"ट्यूशनच्या टीचरनी."

"तुला?"

"पप्पा घेतात रोज. येत नाही तोवर जेवायला देत नाहीत."

साहेब हसले. "मग शाळेत काय करतात?"

देवांशनं जरा विचार केला. मूल खरं बोलणारं होतं, आजीवर गेलेलं. "शाळेत तपासतात," तो म्हणाला. "मम्मीनं शिकवलेलं आलं का नाही ते."

साहेबांनी चष्म्यावरून मॅडमकडं पाहिलं. मॅडम पायाच्या अंगठ्याकडं बघत होत्या. साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "घरचं वातावरण उत्तम दिसतं मुलांचं. शाळेचं म्हणून वेगळं काही सांगता येईल का, मॅडम?"

सरूबाई चक्रावली. असं कसं झालं? मुलगी गोरी दाखवली, तर पाहुणा म्हणतो हा तर पावडरीचा गुण! उसन्या बशांनी पोह्यांची चव वाढेल वाटलं होतं, आणि पाहुणा बशांचीच तारीफ करत बसला होता. वर मॅडम बिचाऱ्या अशा दिसत होत्या, जणू वर्षभर खुर्चीत बसून डुलक्या घेतात. दोन वर्षं ही बाई चार वाजता शाळा सुटल्यावरही लिंबाखाली भट्टीवरच्या पोरांना घेऊन बसायची. ते सरूबाईनं ओट्यावरून रोज पाहिलं होतं. आपण हिचं केलेलं सगळं रानात नेऊन लपवलं, हे तिला त्या घटकेला कळलं आणि तिला स्वतःचा राग आला.

मॅडमनी मान वर केली. त्या काहीतरी बोलणार, तेवढ्यात दारात पुंजाराम उभा. हात कोपरापर्यंत राखेनं माखलेले, चेहऱ्यावर हसू.

"रामराम साहेब. चला. हुरडा गार व्हायलाय."

"मला बोलावताय?" साहेब गोंधळले.

"मंग! कारभारीन म्हनली, पाहुने येनार हायेत, आगटी पेटवा. पोरं कवाची बसलीत तुमच्यासाठी. म्या म्हनलं, पाहुने आल्याबिगर कनसाला हात लावायचा नाय."

"कोणती पोरं?"

"साळंची. आनखी कोन्ती?" पुंजाराम म्हणाला, आणि मग वर्गातली बूटवाली पोरं बघून त्याला नवल वाटलं. "आन् ही कुनाची? देवांश, तू रं हितं काय करायलास?"

धरणीनं दुभंगून पोटात घ्यावं, असं सरूबाईला वाटलं. धरणी काही दुभंगली नाही. जानेवारीत ती चांगली घट्ट असते. साहेबांनी कागद मिटले, टोपण लावलं आणि शांतपणे म्हणाले, "चला, आधी हुरडा खाऊ."

रानात आगटीभोवती पोरं गोल करून बसली होती, तोंडाला पाणी सुटलेली पण हात मांडीवर. पुंजारामनं गरम कणीस तळव्यात धरलं आणि चोळून पहिली मूठ साहेबांच्या पुढ्यात टाकली. कोवळे, हिरवे, वाफाळते दाणे. सोबत दही, गूळ, आणि वर्तमानपत्राच्या तुकड्यावर शेंगदाण्याची चटणी. सगळे खाण्यात गुंतले. हुरडा खाताना बोलणं हा वेळेचा अपव्यय आहे. उसनी पोरंही बूट काढून रिंगणात घुसली, आणि कोण कुठल्या शाळेचं हे राखेच्या मिशांमुळं ओळखू येईनासं झालं.

गिरजाची चटणी संपली. तिनं कागद झटकला, गुडघ्यावर ताणून धरला आणि बोट ठेवून मोठ्यानं वाचायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं. तिची ती खोडच होती. पोत्यावरचं, भिंतीवरचं, मुरमाच्या गाडीच्या मागचं, दिसेल ते ती वाचायची.

"मो-सं-बी-चे भाव... घस-रले. पैठण, ता. आठ. बाजार समि-तीत..." पुढचा शब्द चटणीच्या तेलात भिजला होता आणि जोडाक्षरांनी भरलेला होता. ती अडली. साहेब मदतीला वाकले.

"थांबा साहेब," गिरजा हात आडवा करून म्हणाली. "म्या काढते वाट." आणि पाच-सहा धडका मारून तिनं शब्द फोडला. "व्या-पा-ऱ्यां-नी! व्यापाऱ्यांनी!"

साहेबांचा घास हातातच राहिला. "ही तीच का? गेल्या वेळच्या अहवालात आहे ती, दाराआड लपलेली?"

"तीच," मॅडम म्हणाल्या. आता त्यांचा आवाज मोकळा झाला होता. "आली तेव्हा पुस्तक उलटं धरायची, साहेब. वर्षभर बोललीच नाही. मग एक दिवस फळ्यावरचं 'गि' पुसायला लागले तर रडायला लागली. म्हणाली, माझं नाव पुसू नका."

साहेबांनी गिरजालाही वर्गातल्यासारखंच विचारलं. "घरी अभ्यास कोण घेतं तुझा?"

गिरजाला प्रश्न समजला नाही. "घरी?"

"हो. घरी कोण शिकवतं?"

"घरी तर म्याच शिकविते," ती म्हणाली. "आईला. विटा थापून आली की चुलीपाशी बसविते. तिच्या नावातलं सारजा लिवाया येतंय तिला आता. बाई ऱ्हायलंय."

आगटीत एक गोवरी फुटली. जाहेदा मॅडमनी तोंड वळवून ओढणीनं डोळे पुसले आणि धुराला बोल लावला. धूर खरं तर दुसऱ्याच बाजूला जात होता.

मग साहेब सरूबाईकडं वळले. "बाई, ही मुलं लपवून का ठेवली होती?"

सरूबाई उभी राहिली. खोटं ती आजवर बोलली नव्हती, आता ह्या वयात कुठं सुरुवात करणार? "साहेब, म्या सोयरिकी जमविते. बघायला आलेला मानूस आधी घरानं बघतो. बाप काय करतो, घर केवढं, अंगावर काय हाय. मला वाटलं, तुमीबी तसंच बघत आसाल. म्हनून चांगल्या घरची पोरं पुढं आनली. चुकलं माझं. मॅडमला यातलं ठावं नव्हतं, त्यायला बोल लावू नका."

बद्रीनाथ साहेब हसायला लागले ते हुरड्याचा ठसका लागेपर्यंत. पुंजारामनं पाणी दिलं, पाठ थोपटली. "तुमचं फार चुकलं असं नाही, बाई," साहेब डोळे पुसत म्हणाले. "आम्हीही पुष्कळदा घराणंच बघतो, फक्त आम्हाला ते कळत नाही. माझ्या कागदात पोर कुठं पोचलं ते लिहायचं असतं. ते निघालं कुठून, याला रकानाच नाही."

"मंग कडंला लिवा की."

"कडेला लिहिलेलं वर कुणी वाचत नाही, बाई."

"तरी बी लिवा," सरूबाई म्हणाली. "आमच्याकडं लग्नाच्या यादीत सगळ्यात महत्त्वाचं कडंलाच लिवलेलं आसतं."

साहेब दुपारभर आगटीपाशीच बसले. उसनी पोरं त्यांनी बाजूला खेळायला सोडली आणि भट्टीवरच्या एकेकाला जवळ बोलावून नीट विचारलं. कुणी अडखळलं, कुणी चुकलं, एकानं सात पाचा पस्तीस म्हणायच्या जागी कणसं मोजून दाखवली. दाराआड मात्र कुणी पळालं नाही. रानाला दारच नव्हतं. शाळेतले पोहे शेवटी वर्गातच गार झाले. पुंजारामनं जाताना साहेबांच्या गाडीत हुरड्याची पिशवी ठेवली, ती साहेबांनी हात जोडून परत केली आणि फक्त एक कणीस घेतलं.

फेब्रुवारीत निकाल आला. ब. गोष्टीत शोभला असता तसा अ नव्हता, कारण कुंपण नव्हतं आणि संडासाला पाणी नव्हतं. पण क नव्हता. त्या दिवशी सरूबाईनं स्वतः जाऊन फाळावर असे टोले हाणले की भट्टीवरची माणसं आग लागली समजून बादल्या घेऊन धावत आली.

टोले हाणून ती घरी आली खरी, पण तिला चैन पडेना. श्रेणीचं निभावलं होतं, पटाचं काय? पावसाळ्यात भट्ट्या बंद पडल्या की गिरजासारखी पोरं आईबापामागं गावी जायची, आणि शाळा ओकीबोकी व्हायची. शाळा जगायची तर पोरं हवीत. आणि पोरं रोज सकाळी तिच्याच दारातून पिवळ्या व्हॅनमध्ये चढत होती.

रात्री जेवताना तिनं सुनेपुढं देवांशला वस्तीच्या शाळेत घालायचा विषय काढला. तिला वाटलं, आता घरात महाभारत होणार. कावेरी बारावी झालेली, हट्टी, देवांशला मोठ्या शाळेत घालायचं म्हणून नवऱ्याशी भांडलेली. पण कावेरीनं भाकरी थापता थापता हात थांबवला.

"आत्या, मी रोज दोन तास त्याचा अभ्यास घेते. रविवारी चार. त्या दिवशी देवांश साहेबांना म्हणाला ना, शाळेत तपासतात? रात्रभर झोप लागली नाही मला. शिकवते मी, आणि नाव त्या शाळेचं!"

"मंग?"

"मग काय. माझं शिकवणं त्याच्यासंगं इकडंबी येईलच की. आणि त्या गिरजाकडनं त्यानं वाट काढायला तरी शिकावं. त्याला एक शब्द अडला की मम्मी म्हणून हाका मारतो."

सरूबाई सुनेकडं बघतच राहिली. ही सोयरीक आपणच जमवली होती, याचा तिला त्या रात्री पहिल्यांदा खरा अभिमान वाटला.

जून उजाडला. कावेरीमागोमाग आणखी तीन घरांनी पिवळी व्हॅन सोडली. सरूबाईनं नातू काढल्यावर मागं बोलणाऱ्यांची तोंडं बंद झाली आणि काहींचे पायही शाळेकडं वळले. शाळेच्या पहिल्या दिवशी तिनं देवांशच्या हाताला धरून त्याला फाळाच्या घंटेखाली आणलं. गिरजा आधीच आली होती. यंदा भट्टी बंद झाली तरी सारजाबाई गावी गेली नव्हती. खडी केंद्रावर मिळेल ते काम धरून ती वस्तीवर राहिली होती, आपल्या ह्या छोट्या मास्तराची शाळा बुडू नये म्हणून. लिंबाला टेकून गिरजा भिंतीवरची नवी पाटी वाचत होती, बोट न ठेवता.

जाहेदा मॅडमनी देवांशला पाहिलं आणि हसल्या. "आता बघा सरूबाई, ही मुलं आली की आमची श्रेणी आपोआप अ होणार. खडू तोच, मी तीच. आणि लोक म्हणतील, मॅडम सुधारल्या."

"म्हनू द्या. तुमी काय आन् कावेरी काय, कुनी किती केलं त्ये आमाला ठावं हाय."

मॅडमनी हजेरीपट उघडला, पेन हातात घेतलं, आणि मुद्दाम गंभीर चेहरा केला. "ह्या वेळीही एका दिवसासाठीच आणलाय का?"

सरूबाईनं नातवाचा हात मॅडमच्या हातात दिला, मुलीची पाठवणी करताना देतात तसा.

"नाय बाई," ती म्हणाली. "तवा दाखवायला आनला व्हता. आता नांदायला आनलाय."